ओळख पटली, पण परवानगी कुणी दिली?



मागच्या अंकात आपण क्यूआर कोडचा पाठ केला. त्याचा पुढचा भाग या वेळी थांबवलाय आणि दुसराच विषय घेतलाय. कारण आपल्याच एका ग्रामसंघात घडलेली गोष्ट आहे. गावाचं नाव लिहीत नाही, ताईंचंही नाही. त्यांना विचारूनच लिहितेय.

त्या ताई ग्रामसंघाच्या लेखापाल. सहा वर्षांचं काम, वही एकदम चोख. हिशोब मोबाइलवर आला तेव्हा त्यांना एक आयडी आणि पासवर्ड मिळाला. त्यांनी तो नोंदवहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून ठेवला. गावात नेटवर्क शाळेच्या चढावरच येतं, दर वेळी तिथवर जाणं त्यांना जमत नव्हतं. मग कधी सचिव ताई नोंद भरायच्या, कधी नवीन सीआरपी, एकदोनदा तर कुणाचा तरी बारावीतला मुलगा. सगळे त्याच एका आयडीवरून. "आपलंच काम आहे की," असं सगळ्यांचं म्हणणं.

मार्चअखेरीला ताळमेळ बसेना. एका सदस्येच्या कर्जखात्यावर १३,५०० रुपये थकीत दिसत होते. ती बाई तर म्हणते, मी १५,००० भरले, एक रुपया बाकी नाही. नोंद उघडून पाहिली तर भरणा १,५०० चा. नोंद कुणी केली? मोबाइलने लेखापाल ताईंचं नाव दाखवलं, खाली तारीख आणि वेळ. त्या दिवशी त्या वेळी ताई तालुक्याच्या दवाखान्यात सुनेच्या बाळंतपणाला बसलेल्या होत्या. पण मोबाइलवर नाव त्यांचंच ना! तीन बैठका यावरच गेल्या. शेवटी पावतीबुकाचा कार्बन आणि बँकेची स्लिप जुळवली तेव्हा उलगडलं की पैसे कुठेच गेले नव्हते, भरताना एक शून्य राहून गेलं होतं. ते कुणाच्या हातून राहिलं हे आजही माहीत नाही, कारण त्या आयडीच्या मागे नक्की कोण होतं हे सांगायला कुठलाच पुरावा नाही.

ताई मला म्हणाल्या, "चूक माझी असती तर मीच हात जोडले असते. पण मी केलंच नाही हे मला सिद्ध करायला लावलं." दोन महिने त्यांनी वहीला हात लावला नाही.

मोठमोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जे दोष सापडतात, त्यांतल्या बऱ्याच दोषांचं मूळ याच जागी असतं. म्हणून आज ते दोष समजून घेऊ. तांत्रिक शब्द दोनतीनच आहेत, घाबरू नका.

दोन वेगळे प्रश्न

आपल्या बैठकीत सुरुवातीला हजेरी होते. नाव पुकारलं, ताईंनी 'हजर' म्हटलं, सगळ्यांनी तोंड पाहिलं. ही झाली ओळख पटवणं. संगणकाच्या भाषेत याला 'ऑथेंटिकेशन' म्हणतात. पिन, पासवर्ड, ओटीपी, अंगठा ही सगळी हजेरी घेण्याचीच साधनं.

पण हजर असलेली प्रत्येक बाई चेकवर सही करू शकते का? नाही. सही अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांची, तीही दोघींची मिळून. हा दुसरा प्रश्न : ओळख पटली, आता या व्यक्तीला काय काय करायची मुभा आहे? याला 'ऑथोरायझेशन' म्हणतात, म्हणजे अधिकार तपासणं.

ओसरीवर बसायला आलेला पाहुणा उठून थेट आतल्या खोलीत कपाटापर्यंत गेला, तर त्याने आपला अधिकार स्वतःच वाढवून घेतला असं होईल. सॉफ्टवेअरमध्ये असं घडतं त्याला 'प्रिव्हिलेज एस्कलेशन' म्हणतात. आपण 'अधिकारवाढ' म्हणू. ती दोन तऱ्हेची असते. एक वरच्या बाजूला : साधी सदस्य अध्यक्षाचे अधिकार मिळवते. दुसरी आडवी : मी सदस्यच राहते, पण माझ्या पासबुकाऐवजी तुमचं पासबुक उघडते. आडवी ऐकायला साधी वाटते. ज्या बाईचं पासबुक उघडलं गेलं तिला मात्र ती साधी वाटणार नाही.

जुन्या गटांमध्ये पेटीला तीन कुलुपं आणि तीन किल्ल्या तीन घरी, अशी पद्धत होती. काही गटांत अजून आहे. पेटी एकीच्या घरी असली तरी ती एकटीने उघडता येत नाही. हा विचार संगणक शिकलेल्यांना फार उशिरा सुचला असं मी प्रशिक्षणात गमतीने म्हणते.

रिकामा पासवर्ड

आधी एक छोटी गोष्ट. अ‍ॅपल कंपनीचे महागडे संगणक तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील. त्यांच्या नव्या आवृत्तीत नोव्हेंबर २०१७ मध्ये एक दोष उघडा पडला. तुर्कस्तानातल्या एका सॉफ्टवेअर करणाऱ्याने तो जाहीर केला. नावाच्या रकान्यात 'रूट' लिहायचं, पासवर्डचा रकाना रिकामा ठेवायचा आणि बटण दोनतीनदा दाबायचं. संगणक उघडायचा. 'रूट' म्हणजे त्या यंत्राचा घरधनी, त्याला सगळं करायची मुभा. ओळख नीट पटवली नाही आणि अधिकार मात्र सगळ्यात वरचा दिला, दोन्ही चुका एकाच वेळी. कंपनीने दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती पाठवली. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीच्या हातून हे घडलं. तेव्हा आपल्याकडच्या कुणी मोबाइलमध्ये चूक केली की "तुला काही कळत नाही" असं बोलणाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

ओटीपीचे सहा आकडे

आता रोजच्या वापरातली गोष्ट. ओटीपी सहा आकडी असतो. शून्य-शून्य-शून्य-शून्य-शून्य-शून्यपासून नऊ-नऊ-नऊ-नऊ-नऊ-नऊपर्यंत मोजलं तर किती वेगवेगळे आकडे होतात? बरोबर १० लाख. चार आकडी पिनचे फक्त १०,०००. माणसाला १० लाख आकडे टाकून बघायचे तर अनेक आठवडे जातील, पण संगणकाला तेवढा वेळ लागत नाही. म्हणजे ओटीपीची खरी ताकद सहा आकड्यांत नाही, ती दोन अटींत आहे : थोड्याच वेळा प्रयत्न करता येतो, आणि थोडाच वेळ तो चालतो. एटीएमवर पिन सलग तीनदा चुकला की कार्ड अडतं, ते याचसाठी. चिडू नका त्याच्यावर.

या दोन अटी ढिल्या पडल्या तर काय होतं, हे तामिळनाडूच्या लक्ष्मण मुथय्या या तरुणाने २०१९ मध्ये दाखवून दिलं. इन्स्टाग्रामचा पासवर्ड विसरला की फोनवर सहा आकडी कोड येतो, तो १० मिनिटं चालतो. इन्स्टाग्रामकडे प्रयत्न मोजणारा पहारेकरी होता. पण तो मोजायचा इंटरनेटच्या पत्त्यावरून. एका पत्त्यावरून फार प्रयत्न आले की थांबवायचा. लक्ष्मणने एक हजार वेगवेगळे पत्ते वापरून सगळीकडून एकदमच कोड पाठवले. प्रत्येक पत्त्यावरून सुमारे २००, असे मिळून २ लाख कोड गेले आणि पहारेकरी गोंधळला. आपल्या भाषेत सांगायचं तर वॉचमनला सांगितलंय, एका माणसाला तीनदाच विचारू दे. मग हजार माणसं एकाच वेळी दारात उभी केली तर तो कुणाकुणाची तोंडं लक्षात ठेवणार?

२ लाखांसाठी हजार पत्ते, तर १० लाखांसाठी पाच हजार. एवढे पत्ते भाड्याने घ्यायला सुमारे १५० डॉलर लागतील असा त्याने हिशोब मांडला. तेवढ्या पैशांत कुणाचंही खातं हाती आलं असतं. त्याने कुणाच्या खात्याला हात लावला नाही. आपल्याच चाचणीतून दोष सिद्ध करून कंपनीला कळवला. कंपनीने दुरुस्ती केली आणि त्याला ३०,००० डॉलर बक्षीस दिलं. दोष शोधून मालकाला सांगणं हा आज कामधंदा झाला आहे, हे घरातल्या शिकत्या मुलामुलींच्या कानावर घाला.

यातली बारीक गोष्ट बघा. इथे ज्याचं खातं जायचं त्या माणसाने ओटीपी कुणालाच सांगितलेला नव्हता. आपण नेहमी म्हणतो, ओटीपी सांगू नका म्हणजे झालं. ते सांगू नकाच, पण कधीकधी न सांगताही दार उघडतं. फसलेल्या बाईला "तूच सांगितला असशील" म्हणायच्या आधी जरा थांबा.

ओटीपी बरोबर, माणूस दुसरा

दुसरं उदाहरण आपल्या जास्त जवळचं. आधार, पॅन, मुलांच्या मार्कशीट ठेवायला आपण डिजीलॉकर वापरतो. २०२० मध्ये त्यात एक गंभीर दोष सापडला. तेव्हा त्यावर ३ कोटी ८० लाखांच्या आसपास खाती होती. दोष असा : ओटीपी तपासला जायचा, तो बरोबर आहे की चूक हेही कळायचं. पण तो ओटीपी ज्याचा, त्याच्याच खात्यात हा माणूस शिरतोय ना, हे पुढे तपासलं जात नव्हतं. म्हणजे एका व्यक्तीच्या नावाने ओटीपीचा टप्पा पार करायचा आणि मधल्या वाटेत नाव बदलून दुसऱ्याच व्यक्तीचं खातं उघडायचं.

मतदानाला गेलो की बोटाला शाई लागते, चिठ्ठी मिळते. समजा चिठ्ठी देणाऱ्याने ओळखपत्र माझं पाहिलं, पण पुढच्या टेबलावर फक्त 'चिठ्ठी आहे ना?' एवढंच विचारलं, चिठ्ठी कुणाच्या नावाची ते वाचलंच नाही. तसंच हे. पहिल्या टेबलाचं काम चोख, दुसऱ्याचं राहिलं. मघाशी सांगितलेली आडवी अधिकारवाढ ती हीच. भारतीय तज्ज्ञांनी हा दोष शोधून सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेला कळवला आणि तो दुरुस्त झाला. आज डिजीलॉकर वापरायला हरकत नाही, मीही वापरते.

झेरॉक्स आणि मूळ वही

आता वरच्या दिशेची अधिकारवाढ. हा भाग थोडा चिवट आहे, पण माझा आवडता आहे.

आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक अ‍ॅपला स्वतःची खोली असते. व्हॉट्सअ‍ॅपला बँकेच्या अ‍ॅपच्या खोलीत डोकावता येत नाही. गेमला संदेशांच्या खोलीत जाता येत नाही, तुम्ही परवानगी दिली तरच जाता येतं. या सगळ्या खोल्यांच्या वर घरधनी, म्हणजे तोच मघाचा 'रूट'. या घराचा पाया लिनक्स नावाच्या प्रणालीचा आहे. जगातले बहुतेक मोठे सर्व्हर आणि आपला दहा हजारांचा फोन, दोघांचा पाया एकच.

या पायात २००७ पासून एक भेग होती. ती ऑक्टोबर २०१६ मध्ये जगाला कळली. नऊ वर्षं! तिचं नाव 'डर्टी काऊ'. गाईशी संबंध काही नाही, 'कॉपी ऑन राइट' या शब्दांची आद्याक्षरं जोडून ते नाव झालं.

'कॉपी ऑन राइट' म्हणजे काय? समजा गटाची मूळ नोंदवही सगळ्यांना वाचायला खुली आहे, पण तिच्यावर लिहायचा अधिकार फक्त लेखापालांना. तुम्हाला काही खरडून बघायचं असेल तर तुमच्या हातात झेरॉक्स दिली जाते. तिच्यावर काहीही लिहा, मूळ वही स्वच्छ राहते. पद्धत चांगली आहे, कागदही वाचतो, कारण झेरॉक्स लिहायची वेळ आली तरच काढायची.

आता एक वात्रट माणूस कल्पा. एका हाताने तो म्हणतो, "मला लिहायचंय." दुसऱ्या हाताने मिळालेली झेरॉक्स तो फाडून टाकतो. पुन्हा मागतो, पुन्हा फाडतो, सेकंदाला हजारो वेळा. देणारा दमत नाही, पण एका क्षणी त्याचा हिशोब चुकतो. त्याच्या मनात 'झेरॉक्स दिलेली आहे, आता लिहू द्यावं' असं असतं, आणि झेरॉक्स तर नुकतीच फाटलेली. लेखणी खाली येते ती थेट मूळ वहीवर. एवढंच. मग त्या वहीत 'आजपासून अध्यक्ष मीच' असंही लिहिता येतं.

लिनक्स ज्यांनी बनवलं त्या लायनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः कबूल केलं की ही चूक अकरा वर्षांपूर्वी मी दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, तो नीट जमला नव्हता. मला त्या माणसाचा हा सरळपणा आवडला. आपल्याकडे हिशोबातली खाडाखोड लपवायला व्हाइटनर लावतात!

या भेगेचा गैरवापरही झाला. २०१७ च्या सप्टेंबरात 'ट्रेंड मायक्रो' या सुरक्षा कंपनीने 'झेडएनआययू' नावाचा घातकी प्रोग्राम सापडल्याचं जाहीर केलं. तो १,२०० हून अधिक अ‍ॅपमध्ये लपलेला होता, त्यांत गेमची अ‍ॅपही होती. ४० हून जास्त देशांत तो आढळला आणि सर्वाधिक फोन चीन आणि भारतातले होते. अ‍ॅप उघडलं की तो डर्टी काऊच्या भेगेतून घरधन्याचे अधिकार मिळवायचा. चीनमध्ये तर तो गुपचूप एसएमएस पाठवून मोबाइलच्या बिलातून थोडेथोडे पैसे काढायचा आणि ते संदेश पुसूनही टाकायचा. तोवर दुरुस्ती येऊन कितीतरी महिने झाले होते. ज्यांचे फोन अपडेट झालेले नव्हते त्यांचंच नुकसान व्हायचं होतं.

म्हणून 'अपडेट करा' असं फोन म्हणतो तेव्हा रागाने बाजूला सारू नका. त्यात बहुतेक वेळा अशा भेगा बुजवलेल्या असतात. वायफाय किंवा पुरेसा डेटा असेल तेव्हा, फोन चार्जिंगला लावून अपडेट घ्या. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'अँड्रॉइड व्हर्जन' उघडलं की शेवटचं सिक्युरिटी अपडेट कधीचं ते दिसतं. दोन-तीन वर्षांपूर्वीची तारीख असेल आणि नवीन अपडेट येतच नसेल तर कंपनीने त्या फोनकडे लक्ष देणं सोडलंय. नवा फोन घ्या असं मी म्हणणार नाही, पैसे झाडाला लागत नाहीत. तो फोन बोलायला, भजन ऐकायला, मुलांच्या अभ्यासाला वापरा. गटाचं किंवा बँकेचं काम मात्र त्यावर ठेवू नका.

चोराला आपणच किल्ली देतो तेव्हा

आतापर्यंत सांगितलं ते सॉफ्टवेअरचे दोष. पण हल्लीचे बरेच चोर दोष शोधत बसत नाहीत. ते आपल्याकडूनच परवानगी मागून घेतात. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल येते : गाडीचं चलन, लग्नाची पत्रिका, योजनेची केवायसी, बँकेचं अपडेट. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. एपीके म्हणजे फोटो किंवा कागद नव्हे, ते अख्खं अ‍ॅप असतं. ते बसवलं की ते विचारतं, संदेश वाचू का? 'होय' दाबलं की तुमचे ओटीपी त्याच्या हातात. काही तर 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतात. ही सोय मुळात दृष्टिहीन आणि अपंग व्यक्तींसाठी आहे. पडद्यावरचं सगळं वाचायची, तुमच्या वतीने बटणं दाबायची मुभा तिच्यात असते. लग्नाच्या पत्रिकेला ही मुभा कशाला हवी?

अंगठ्याबद्दलही एक सांगते. पिन फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून आधारच्या अ‍ॅपमधून किंवा वेबसाइटवरून अंगठा 'लॉक' करायची सोय आहे. लॉक असताना अंगठ्याने पैसे निघत नाहीत. रेशनला किंवा बँकमित्राकडे जाण्यापूर्वी तो तात्पुरता उघडावा लागतो, हे मात्र लक्षात ठेवा, नाहीतर दुकानात जाऊन परत यावं लागेल. अडचण आली तर आधारची मदतवाहिनी १९४७.

पैसे गेलेच तर

खात्यातून न केलेला व्यवहार दिसला की पहिल्यांदा १९३० वर फोन आणि लगेच बँकेला लेखी कळवणं. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, तारीख-वेळ लिहा. घरात कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, यात दोन दिवस घालवू नका. कारण दिवसांवर पैसे ठरतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं सांगितलं होतं : चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, यंत्रणेत कुठेतरी तिसरीकडे असेल, आणि बँकेकडून व्यवहाराचा संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलं, तरीही जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लावले तर साध्या शून्य-शिल्लक बचत खात्याला जास्तीत जास्त ५,००० आणि इतर बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंतचा भार ग्राहकावर येऊ शकतो. पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर सांगण्यात फायदा आहे. लाजेने गप्प बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांचंच जास्त गेलं.

परत आपल्या ग्रामसंघाकडे

ताईंच्या ग्रामसंघाची एप्रिलमधली बैठक मी पाहिली. वाद पुष्कळ झाला. सचिव ताईंचं म्हणणं होतं की वेगवेगळे आयडी मागितले तर कामं अडतील, नेटवर्कसाठी कोण कोण चढ चढणार? त्यांचं चूक नव्हतं. शेवटी ठरलं ते असं : जी नोंद भरेल ती स्वतःच्याच आयडीवरून. ज्यांना आयडी नाही त्यांनी कागदावर लिहून सही करून द्यायचं, लेखापाल भरतील. मुलांकडून फक्त फोन शिकून घ्यायचा, नोंद भरून घ्यायची नाही. पुठ्ठ्यावरचा पासवर्ड बदलला, आणि तो पुठ्ठाही फाडला. भरलेली रक्कम दुसऱ्या पदाधिकारी ताईंनी पावतीशी ताडून पाहायची. शून्य राहिलं तर त्याच दिवशी कळेल. बँकमित्राकडे गटाच्या खात्याचे पैसे काढताना दोन पदाधिकाऱ्यांची ओळख पटवण्याची सोय आता आहे, तीही वापरायचं ठरलं. ती तीन कुलपांचीच पुढची पायरी.

त्या बैठकीत आणखी एक गोष्ट सापडली, जिचा कुणाला पत्ताच नव्हता. एका गटाच्या बँक खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तीन वर्षांपूर्वीच्या सचिवांचा होता. त्या लग्न करून दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. गटाच्या खात्याचा प्रत्येक संदेश, प्रत्येक ओटीपी तिकडे जात होता. बाई भली, काही झालं नाही. पण पद सोडलं आणि अधिकार तसाच राहिला, ही कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याची झोप उडवणारी गोष्ट आहे.

लेखापाल ताई परत आल्या आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर पाठ फिरवायला सांगून नवा पासवर्ड टाकला. बायका हसल्या, पण सगळ्यांनी पाठ फिरवली.

बैठकीत करायचं काम

पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा. एका कागदावर गटाची बँक खाती, मोबाइल, हिशोबाचं अ‍ॅप, सिमकार्ड असं सगळं एकाखाली एक लिहा. प्रत्येकासमोर लिहा, आज ते कोण कोण उघडू शकतं. मग त्याच्या शेजारी, कुणी उघडायला हवं. दोन्ही यादी जुळत नसतील तिथे खूण करा. बँक खात्याला जोडलेला नंबर आज कुणाच्या हातात आहे ते फोन लावूनच तपासा, नुसतं 'माहीत आहे' म्हणू नका. पद सोडलेल्या ताईंची नावं बँकेत बदलली आहेत का, पासबुक घेऊन जाऊन विचारा. ज्या फोनवर गटाचा हिशोब आहे त्याच्या शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख लिहून आणा.

पासवर्ड आणि पिन त्या कागदावर अजिबात लिहायचे नाहीत. फक्त किती ठिकाणी खुणा झाल्या तो आकडा तुमच्या सीआरपीकडे द्या. प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत सगळ्या गटांचे आकडे एकत्र पाहू आणि बँकेतल्या दुरुस्तीसाठी शाखाधिकाऱ्यांना सगळ्यांच्या वतीने एकच पत्र देऊ.